हळदीचा एक्स-रे

प्रकाशासमोर धरल्याशिवाय माणूस कळत नाही.

हे वाक्य आमच्या घरमालकांचं. शहापुरात त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ते मला ऐकवलं आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या सवयीप्रमाणे मी ते लगेच मनात टिपून घेतलं. पुढे दोन-तीन ठिकाणी, एकदा तर निरोपसमारंभाच्या भाषणात, वापरलंही. मग कळलं की काका आयुष्यभर सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत होते आणि हे वाक्य ते प्रत्येक नव्या शिपायाला सांगत. कारण नवा शिपाई फिल्म टेबलावर आडवी ठेवून बघायचा आणि म्हणायचा, यात तर काहीच नाही.

दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा ओल्या फिल्मचं काम संपलं. फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गोळ्या-औषधांची खोकी ठेवली गेली. काका निवृत्त होऊन घरी आले ते मुदत संपलेल्या एक्स-रे फिल्मचे काही डबे घेऊन, जे नाहीतरी भंगारात जायचे होते, आणि सगळ्या सवयी घेऊन. घरी लग्नात आहेर आलेला एक जुना कॅमेरा होता, काळ्या खोक्यासारखा. त्याचे रोल आता कुठे मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते. काका अंधारात एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापत, जुन्या रोलच्या काळ्या कागदावर चिकटवत आणि गुंडाळून कॅमेऱ्यात भरत. एवढ्या भांडवलावर ते तालुक्यातले शेवटचे ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफर झाले. हा किताब त्यांनीच स्वतःला दिला होता. स्पर्धेत दुसरं कोणी नसल्यामुळे वाद झाला नाही.

फोटो काढण्याआधी ते तीन सूचना देत. "अंगावरचा धातू काढा." मग, "बायकांपैकी कुणाला दिवस गेलेत का?" आणि मग तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यामागे उभं राहून, "श्वास घ्या. धरा. हलू नका." इथे क्षण-दोन क्षण जात, कारण ती फिल्म मंद होती आणि तिला उजेड पचवायला वेळ लागे. मग, "सोडा."

तिसऱ्या सूचनेला अर्थ होता. पहिल्या दोन सूचनांबद्दल मी एकदा बोलून बघितलं.

"काका, कॅमेऱ्यातून किरण बाहेर येत नाहीत. उजेड आत जातो."

"ते तुम्हाला काय माहीत, सर?" ते म्हणाले. "तुमचा विषय मराठी."

एका माणसाचा ते एकदाच फोटो काढत. दुसरा मागितला तर त्यांचा चेहरा उतरे. दवाखान्यात एक्स-रे परत काढावा लागणं म्हणजे रोग्याला दुप्पट किरण, आणि ती चूक काढणाऱ्याची. "रिपीट नाही," ते म्हणत. "माणसाला दोनदा त्रास द्यायचा नसतो." त्यामुळे त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला उगाच वाटत राही की आता जे होईल ते कायमचं. मी असे धडधाकट लोक बघितले आहेत, जे त्यांच्या 'धरा'नंतर खरोखर पांढरेफटक पडले.

आणि ते प्रिंट काढत नसत. हे लोकांच्या लवकर लक्षात यायचं नाही. फोटो तयार झाला म्हणजे निगेटिव्ह तयार झालं. ते खाकी पाकिटात घालून घरपोच देत, खिडकीत उभं राहून कसं बघायचं ते दाखवत आणि निघून येत. एकदा तालुक्यातल्या एका नेत्याने बसथांब्याच्या शेडचं उद्घाटन केलं तेव्हा काका तिकाटणं घेऊन हजर होते. "साहेब, धातू काढा." नेत्यांच्या हातात बोटांपेक्षा अंगठ्या जास्त. त्या निघेनात. कार्यकर्त्यांनी समोरच्या हॉटेलातून साबण आणला. ज्योतिषाने घालायला लावलेली पुष्कराजाची अंगठी त्या दिवशी पहिल्यांदा बोटातून निघाली, आणि ती परत बोटात जाईपर्यंत नेते शेडखालून हलले नाहीत, न जाणो बाहेर ऊन लागायचं. आठवड्याने निगेटिव्ह पोचलं.

"दात काळे कसे?" नेत्यांनी विचारलं.

"ते निगेटिव्ह आहे, साहेब."

"मग पॉझिटिव्ह द्या की!"

"छातीचा काढला होता तुमचा मागं," काका शांतपणे म्हणाले, "तेव्हा मागितला होता का पॉझिटिव्ह?"

खालच्या घराला पडदे नव्हते. खिडक्यांना निगेटिव्ह टांगलेले असत. भाजीवाला, पोस्टमन, सापगावचे दोन मास्तर, काकूंची अख्खी माहेरची माणसं, सगळे पांढऱ्या केसांचे, काळ्या दातांचे, सकाळच्या उन्हात मंद हलत असायचे. त्यात मीही होतो. माझं निगेटिव्ह टांगताना काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, डावा खांदा उतरलाय. दाखवून घ्या." मी हसलो. मग आरशात बघितलं. मग रात्री कुशीवर झोपताना विचार करू लागलो. शेवटी कल्याणला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी पिशवी कोणत्या खांद्याला अडकवता एवढंच विचारलं. पण काकांच्या शेजारी राहण्यातली गंमत हीच होती. काळजी त्यांच्याकडून साथीसारखी लागायची.

फिल्म धुणं चाले मोरीत. खिडकीवर गोधडी, दाराच्या फटीत टॉवेल आणि देव्हाऱ्यातला तांबडा बल्ब काढून मोरीत. तांबडा अशासाठी, की त्या फिल्मला तांबडं दिसत नाही. पिवळंही जवळजवळ नाही. तिला निळ्या-पांढऱ्या उजेडाचं तेवढं कळतं, बाकी सगळा तिच्या लेखी काळोख. तेवढा वेळ देव अंधारात बसत आणि घर पारोसं राही. "आमच्याकडं आंघोळ रिपोर्ट आल्यावर," काकू म्हणत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. हवामानाबद्दल बोलावं तसं त्या बोलत.

खरी भीती उन्हाळ्याची. सगळ्या मुंबईला पाणी पाजणाऱ्या धरणांच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो, हे बाहेरच्याला पटवावं लागतं, आतल्याला सांगावं लागत नाही. त्या टँकरचं पाणी उकळून आणल्यासारखं असे. धुण्याचं औषध गरम झालं की फिल्मवरचा थर सुटतो, दुधावरच्या सायीसारखा घडी पडत सरकतो. एका उन्हाळ्यात असा एका दुकानदाराचा चेहरा फिल्मवरून सुटून मोरीच्या जाळीतून वाहून गेला. काका हादरले. रोज सकाळी त्याच्या दुकानात जाऊन विचारू लागले, "बरं आहे ना? भूक लागते ना?" दुकानदाराला कारण माहीत नव्हतं. पंधरवड्यात त्याची भूक खरंच गेली.

अशा माणसाला मी माझ्या भाचीच्या हळदीला बोलावलं. म्हणजे मी घरमालक म्हणून पत्रिका दिली होती. त्यांनी ती ड्यूटी समजून घेतली.

माझी मोठी बहीण मुरबाडच्या अलीकडे एका गावात दिलेली. तिथे एकाच अंगणावर दोन घरं, दोन भावांची. धाकटे म्हणजे माझे दाजी. थोरले शेजारी. एका तेराव्याच्या पंगतीत आधी कुणाला वाढलं यावरून दोघांचं बिनसलं होतं आणि मग अंगणात मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. ताईच्या सासूबाई एक महिना पत्र्याच्या अल्याड, एक महिना पल्याड जेवत. ताईने त्या पत्र्याकडे बघत केर काढला, पापड वाळवले, मुलगी वाढवली. त्या घरात 'आधी कोण' हा प्रश्न कशालाही चिकटतो, आणि एकदा चिकटला की सुटत नाही.

लग्नासाठी मात्र पत्रे काढावे लागले. मांडव दोन्ही अंगणं धरल्याशिवाय मावत नव्हता. थोरल्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आपल्या ओटीवर बसून पत्रे निघताना बघत राहिले. पत्रे गोठ्याला टेकवून ठेवले गेले. हळदीला थोरले येणार का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"सरळ नाय म्हनले असते तं बरं झालं असतं रे," ताई माझ्या कानाशी म्हणाली. "आता मी नवरीकडं बघू का त्यांच्या दाराकडं?"

दुपारची वेळ होती. उन्हाने मांडवाचं कापड तापलं होतं आणि कूलर अजून सुरू व्हायचा होता. नवरी पाटावर बसली, वाटीत हळद कालवली गेली, पोरांनी ती नवरीच्याही आधी दाजींच्या आणि मांडवात दिसेल त्याच्या तोंडाला फासली आणि तेवढ्यात काका तिकाटणं खांद्यावर टाकून आले. दवाखान्यामुळे त्या गावातही सगळे त्यांना डाक्टर म्हणत. ही चूक त्यांनी कधी दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही.

"अंगावरचा धातू काढा," काका नवरीला म्हणाले.

"ओ डाक्टर, नवरी हाय ती!" ताईच्या सासूबाई खेकसल्या. "लंकेची पार्वती करता का तिला?"

"दोन मिनिटं, आजी. परत घालायचंय. आणि सगळ्यांनी मोबाइल खाली. मोबाइल म्हणजे धातूच."

का कुणास ठाऊक, लोकांनी ऐकलं. दवाखान्यातला आवाज होता तो, त्याला नाही म्हणायची सवय कुणाला नसते. मोबाइल गोळा करायला एक परात फिरली आणि काकांचा माणूस म्हणून ती माझ्या हातात आली. शूटिंगवाला त्याच्या ड्रोनसकट मागे जेवायला बसला होता. डीजेला काकांनी हातानेच बंद कर म्हणून खुणावलं. त्या एकदम आलेल्या शांततेत त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "बायकांपैकी कुणाला दिवस गेलेत का?"

मांडवात कुणी कुणाकडे बघेना. काका नवरीकडे वळले. "तुम्हाला?"

दाजींचा चेहरा हळदीखालून लाल झालेला दिसला. भाचीनेच सावरलं. "नाय ओ काका," ती म्हणाली, "हळद तं लागू द्या आधी."

हशा पिकला आणि विरायच्या आत काकांनी पुकारलं, "श्वास घ्या. धरा. हलू नका!"

नेमके त्याच वेळी थोरले त्यांच्या ओटीवरून उतरले. पत्रे जिथे उभे असायचे तिथे पायाने चाचपल्यासारखं करून पुढे आले. अख्खा मांडव श्वास रोखून उभा होता. निम्मे काकांनी सांगितलं म्हणून, निम्मे थोरल्यांना बघून. तेवढ्यात कुणाकुणाचे फोन आले आणि माझ्या परातीतले मोबाइल थरथरायला लागले. एक काठावरून घसरत होता. तो पडला तर काय होईल या एकाच विचाराने मी खाली बघत राहिलो.

"सोडा," काका म्हणाले, मांडवात उजेड कमी म्हणून नेहमीपेक्षा बरंच उशिरा.

मान वर केली तर दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात होते, दोघांची तोंडं पिवळी, आणि ताई जमिनीवर बसून रडत होती. मधलं काही मी बघितलं नाही.

पुढे कळलं की मधलं सगळ्यांनी वेगवेगळं बघितलं होतं. भाची पाचपरतावणाला माहेरी आली त्या दिवशी थोरले पाहुण्यांना सहज म्हणाले, "धाकला पायावर आला. मग काय करनार? लावली हळद."

दाजी हातातला ग्लास ठेवून उठले. "मी आलो पायावर? तुमी आधी गालाला हात लावला, तवा वाकलो मी!"

"मी लावला? आधी?"

बस्स. 'आधी'ने परत घर धरलं. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, आवाज दबका. "थोरल्या भाऊजींनी पत्रे पुसून ठेवलेत रे."

"पुसले तर पुसले."

"गोठ्याकडंचे पत्रे! कामाचं नसल तं धूळ कशाला पुसल कोन? दोनीकडचं मोजमाप बघत होते. मी मरंपर्यंत आता परत पत्राच बघायचा का?"

एवढ्यात कुणाला तरी आठवलं की त्या वेळी सगळे मोबाइल परातीत होते, पण डाक्टरांचा कॅमेरा चालू होता. दोघेही भाऊ तत्काळ तयार झाले. फोटोत दिसेल ते खरं. प्रत्येकाला खात्री होती की दुसऱ्याची नाचक्की होणार. मला एवढंच दिसत होतं की फोटो निघाला तर एक भाऊ हरणार आणि हरलेला भाऊ त्याच संध्याकाळी पत्रा उभा करणार. फोटो बिघडला तर दोघेही उभा करतील. मी रोज संध्याकाळी खाली उतरून फिल्म धुतली का म्हणून काकांना विचारत होतो आणि त्यांनी नाही म्हटलं की मला बरं वाटत होतं.

"पाणी गरम आहे, सर. थर सुटेल. थंडीत बघू."

"थंडीत? काका, तिकडे पत्रे पुसलेत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पत्र्याचं त्यांना काही कळलं नव्हतं, पण काळजी ते लांबून ओळखत. "बर्फ आणा," ते म्हणाले.

बाजारात मासळीवाल्यांकडचाच बर्फ होता. तो आणला. "वास येईल," मी म्हणालो. "फिल्मला नाक नाही," काका म्हणाले आणि टबात बर्फ फोडून त्यात औषधाचा ट्रे बसवला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं कोपर बुडवून पाणी बघितलं. देव अंधारात गेले. तांबड्या उजेडात आम्ही दोघं मोरीच्या कठड्याशी गुडघ्यांवर बसलो. काका पट्टीची दोन टोकं धरून ती औषधातून अशी नेत होते, जशी झोळी हलवावी. मासळीच्या वासाने आणि औषधाच्या आंबूस वाफेने डोकं भणभणत होतं.

"श्वास धरा," ते पुटपुटले.

"मी?"

"आपण दोघं. हलली तर?"

मला जमेल तेवढा धरला. त्यांनी तर जवळजवळ पूर्ण वेळ धरला, मधेच माशासारखा वर येऊन घेत. पट्टीवर हळूहळू करडे डाग उठायला लागले. काका आता जास्तच जपून हलत होते. त्यांना काय गमवायची भीती होती ते मला तेव्हा कळलं. त्या मांडवातली सगळी माणसं त्यांनी एकदाच घेतली होती. रिपीट नव्हतं.

शेवटी पट्टी तांबड्या बल्बसमोर धरून ते म्हणाले, "आलंय."

"काय दिसतंय?"

"ओलं आहे. ओल्यावर रिपोर्ट देत नसतो."

वाळल्यावर मी खिडकीत जाऊन बघितलं. चौकटीच्या मधोमधच तो क्षण होता. काळ्या कपड्यांतला एक माणूस वाकलेला. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा हात. अगदी स्पष्ट. दोघांच्या तोंडाला हळद, म्हणजे फिल्मवर काहीच उमटलेलं नाही, म्हणजे उजेडासमोर चेहऱ्यांच्या जागी दोन लख्ख भोकं. कोण वाकलंय ते मला कळेना, पण कुणीतरी निश्चित वाकलं होतं. घरच्या माणसांना बांध्यावरून कळेलच.

"काका," मी म्हणालो, "थर सुटला असं सांगितलं तर?"

"रिपोर्ट दाबायचा?" ते ताठ झाले. "नोकरीत असताना मी ते केलं नाही, सर. आता घरचं खाऊन करू?"

दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून जीप बदलत आम्ही गेलो. काकांनी खाकी पाकीट छातीशी धरलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "पेशंट कोन हाय?" मी म्हणालो, "अजून ठरायचंय."

दोन्ही घरं अंगणात उतरली होती. पत्रे गोठ्याशी चमकत होते. पत्र्याची भिंत जिथे असायची नेमकं तिथे काका उभे राहिले, हे त्यांनी ठरवून केलं नसावं, उजेड तिथे चांगला होता. निगेटिव्ह चिमटीत धरून त्यांनी आभाळासमोर उचललं. आधी सासूबाई पुढे झाल्या.

"यात मी कुठं?"

"ही बघा, आजी."

म्हातारी बघत राहिली. मग तिने ताईचा दंड धरला. "गो, माझं केस काळं झालं गो!" आणि नवरीचे पांढरे झालेले बघून तोंडाला पदर लावून हसायला लागली. "लगीन झाल्या झाल्या म्हातारी झाली बघ!"

मग भाऊ. थोरले अलीकडून आले, दाजी पलीकडून. फिल्म आरपार असते, त्यामुळे दोघे दोन बाजूंनी एकाच वेळी बघत होते, आणि मध्ये वीतभर पट्टी. ताईने पदराचं टोक दातात धरलं होतं. मी श्वास धरला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

दोघांनी डोळे बारीक करून माना तिरक्या केल्या.

"हां," थोरले म्हणाले.

"हां," दाजी म्हणाले.

दोघांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. "ते पांढरं काय दोरीसारखं?" दाजींनी मोठेपणाने विचारलं. "उपरनं असंल," थोरले तितक्याच मोठेपणाने म्हणाले.

काकांनी पट्टी खाली घेतली, घसा साफ केला आणि गंभीरपणे रिपोर्ट दिला. "फ्रॅक्चर नाही."

चहा झाला. थोरल्यांनी मला बाजूला घेतलं आणि कोपराने ढोसलं. "बघितला, मास्तर? कसा वाकलाय!" मी मान हलवली. निघताना दाजी जीपपर्यंत सोडायला आले. "मी काय बोललो नाय तिथं," ते म्हणाले, "मोठा हाय शेवटी. पन बघितला ना, कसा वाकलाय!" मी परत मान हलवली. ते दोघे लहानपणापासून पाठमोरे वेगळे ओळखू येत नाहीत, हे ताई लग्न झाल्या वर्षीच म्हणाली होती, ते मला जीपमध्ये बसल्यावर आठवलं.

पत्रे पुढे कोंबड्यांच्या खुराड्यावर गेले. निगेटिव्ह दाजींच्या ओटीच्या खिडकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात टांगलेलं आहे. आल्यागेल्याला थोरले हाताला धरून आणतात, दाजी उचलून दाखवतात, आणि दोघे एकमेकांच्या मोठ्या मनाबद्दल चांगलं बोलतात. सासूबाईंना आता महिना मोजावा लागत नाही. काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले. फोन केला की आधी माझ्या खांद्याची चौकशी करतात आणि मग ते निगेटिव्ह उन्हात नाही ना, एवढं विचारतात.

मला मात्र त्या ओटीवर अजून स्वस्थ बसवत नाही. मोबाइल हातात घेऊन कुणी पाहुणा खिडकीशी जरा जास्त वेळ रेंगाळला की मी त्याला चहाला बोलावतो. कारण गेल्या वर्षी भाचीला पाठवायचा म्हणून ताईने मला त्याचा फोटो काढायला लावला. परत येताना जीपमध्ये मी तो बघत बसलो. मोबाइलमध्ये रंग उलटे करायची सोय असते. अंगठा लागला की लागतो.

निगेटिव्ह सरळ झालं. सासूबाईंचे केस पांढरे झाले. हळदीची तोंडं डांबर फासल्यासारखी काळी झाली, त्यातून कोण कोण ते देवालाही सांगता आलं नसतं. मी चित्र मोठं केलं. वाकलेल्याचा कपडा पांढरा टी-शर्ट होता आणि पाठीवर छापलं होतं, 'मंडप, स्टेज व लाइट'. उपरणं म्हणजे काळी वायर होती. डोक्यावरचा हात त्याला विजेचा बोर्ड दाखवत होता. तो कूलरची पिन लावत होता.